जुन्या लोखंडी सायकलची फ्रेम आतून गंजली आहे का, हे कसं तपासायचं

खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा आमचा पट्टा म्हंजे जून ते सप्टेंबर अंगावरचे कपडे धड वाळत नाहीत असला, आणि त्याच जिल्ह्यात तिकडं अथणी-रायबागला गेलात की नुस्ता धुरळा. त्यामुळं बेळगावात जुनी सायकल कुणी विकायला काढली की माझा पहिला प्रश्न किंमतीचा नसतोय, ही सायकल एवढी वर्षं कुठल्या गावात होती हा असतोय. अथणीकडची सायकल उन्हानं कितीही विटलेली असू दे, आतून बहुतेक कोरडी निघते. खानापूरकडची रंगानं झकास असली तरी सीट काढून बघितल्याशिवाय काय सांगता येत नाही. आणि चोर्ला घाट चढून गोव्याकडनं आलेली असंल तर दुप्पट बारकाईनं बघायची, कारण तिथं पावसाच्या जोडीला खारी हवा पण हाय.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की आजोबा-वडलांच्या काळ्या सायकली आता लय जण परत बाहेर काढू लागलेत, रंग मारून घेतात, नवीन टायर-ट्यूब टाकतात आणि चालवतात, चांगलंच हाय, पण फ्रेमच्या आत बघत कुणी नाही. त्यात जुन्यासारखी नवी फ्रेम मिळणं पण अवघड झालंय, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना तर जून २०२० मधेच बंद पडला. म्हणून असलेली फ्रेम नीट तपासून राखायची, आणि जी राखण्यासारखी नसंल तिच्यावर पोराला बसवायचं नाही.

पाणी आत जातंय कुठनं

फ्रेमचे पाइप पोकळ असतात आणि बंद वाटले तरी पूर्ण बंद नसतात. सीटचा रॉड जिथं आत जातो तिथं पाइपाला मागच्या बाजूला उभी चीर असते, ती नेमकी मागच्या टायरच्या समोर. मडगार्ड नसला किंवा वाकडा असला की टायरनं उडवलेलं चिखलपाणी सरळ त्या चिरेत. मागच्या बारक्या पाइपांना आणि चिमट्याच्या (पुढचं चाक धरणारा फोर्क) टोकांना बारीक भोकं असतात, पितळेनं जोड भरताना आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेली, तिथनं पण पाणी शिरतंय. चिमट्याचा वरचा दांडा खालनं उघडाच असतो, तिथं पुढच्या चाकाचं पाणी. ह्यातलं काहीच झालं नाही तरी दमट हवा आत जाते आणि रात्री लोखंड थंड झालं की आतल्या आत घाम धरतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड जोरात गंजायला लागतंय, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ती दिवसरात्र त्याच्या वरच असते.

आत गेलेलं पाणी उतरून शेवटी सगळ्यात खाली साठतं, म्हंजे पायडलच्या एक्सलभोवतीचं जे आडवं नळकांडं आहे, मेकॅनिक लोक बीबी शेल म्हणतात, तिथं. म्हणून आतला गंज शोधायला सुरुवात तिथनं करायची: बीबी शेलचा तळ, त्याच्या लगेच वरचा सीटच्या पाइपाचा चार-पाच इंचाचा भाग, आणि त्याच्या मागं चाकाकडं जाणाऱ्या दोन आडव्या पाइपांची सुरुवात. दांडीच्या पाइपात, म्हंजे ज्याच्यावर लहानपणी आपण बसून गेलो त्याच्यात, गंज क्वचितच जास्त असतो, पाणी तिथं थांबतच नाही.

आपल्याकडची अजून एक गोष्ट, जी शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. शेतकऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवरनं खताची पोती गेलेली असतात. पोटॅश हे क्लोराइडचं मीठच आहे, पोत्यातनं सांडलं, पावसात विरघळलं आणि सीटच्या चिरेतनं आत गेलं की साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जोरात गंजवतं. गोठ्यात उभी केलेल्या सायकलचं पण तेच, खालची ओल आणि गोमूत्रातले क्षार. अशा सायकलचा मागचा अर्धा भाग जास्त बघायचा.

गंज बघून घाबरायचं नाही, लोखंड किती उरलंय ते बघायचं

हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण पुढची सगळी तपासणी ह्याच्यावर आहे. सीटचा रॉड उपसला आणि आतनं तपकिरी भुकटी पडली की लोक एकतर सायकल भंगारात घालतात नाहीतर "थोडा गंज असतोच" म्हणून परत रॉड ठोकतात, आणि दोन्ही वेळा निर्णय न मोजताच घेतलेला असतोय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. साधा हिशोब करून बघा. सीटचा पाइप बाहेरनं २८.६ मिमी, भिंत १.२ मिमी धरली तर १० सेंटिमीटर लांबीचा आतला पृष्ठभाग झाला ८२ चौरस सेंटिमीटर. तिथं सगळीकडनं सारखं ०.१ मिमी लोखंड गेलं तर ते भरतंय साडेसहा ग्रॅम, आणि त्याचा गंज होतोय १० ग्रॅमच्या आसपास, म्हंजे सुटी भुकटी अंदाजे चहाचे दोन चमचे. दोन चमचे गंज कागदावर बघून छातीत धस्स होतंय, पण सगळीकडनं सारखा गेला असंल तर भिंतीचा बारावा हिस्साच गेलाय. जुन्या काळ्या सायकलला हे काहीच नाही.

पण तेच दोन चमचे एकाच जागेवरनं आले असतील तर तिथं भोक पडायच्या बेतात असतंय. म्हणून किती पडला ह्याच्यापेक्षा कसा पडला ते बघा. बारीक लालसर पीठ असंल तर गंज वरवरचा आणि सगळीकडं पसरलेला. पापुद्रे, कडक काळपट खपल्या, एकावर एक थर असलेल्या, नखाएवढ्या किंवा मोठ्या, तर खाली खोल खड्डे पडलेत समजा.

दुसरं, फ्रेम कसली आहे. आपल्या हर्क्युलस, रॅले, हिरो, अ‍ॅटलस, अ‍ॅव्हॉन ह्या काळ्या बावीस-चोवीस इंची सायकलींचे पाइप जाड, भिंत सहसा १ मिमीच्या वर, त्यामुळं ह्या आतनं बराच मार खाऊनसुद्धा टिकतात. पण कुणाकडं जुनी हलकी रेसिंग सायकल असंल, इंग्लंडच्या रेनॉल्ड्स ५३१ सारख्या पाइपांची (तो पाइप १९३५ पासूनचा), तर तिथं पाइपाच्या मधल्या भागात भिंत ०.५-०.६ मिमीच असते. जो गंज काळ्या सायकलला माफ, तो हिला माफ नाही.

काय काय लागतंय

मोबाइलची बॅटरी किंवा बारीक टॉर्च, पाने, हातोडी, एक फूटभर जाड लोखंडी नळी, दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला लहान आरसा, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, वर्तमानपत्र, जुन्या चेनचा वीतभर तुकडा, चांभाराची आरी किंवा टोकदार स्क्रायबर, डिझेल आणि गंज सोडवायचा स्प्रे. जमलं तर मोबाइलला जोडायचा वायरवाला एंडोस्कोप कॅमेरा, साडेपाच मिमी तोंडाचा, ऑनलाइन हजाराच्या आतबाहेर मिळतो. एकट्यानं घ्यायला जीवावर आलं तर चार जणांत मिळून घ्या, रोज लागणारी वस्तू नाही ती.

आधी काही न खोलता

सायकल उन्हात आणा आणि खाली बसून बघा. वरनं बघून काय दिसत नाही, फ्रेम खालनं बघायची असते. बीबी शेलचा तळ, आडव्या पाइपांचा खालचा भाग, स्टँडची पट्टी जिथं आवळलेली असते ती जागा, मागच्या मडगार्डचा बोल्ट. रंगाला फोड आलेत का, हातानं चाचपून बघा. फोड दोन प्रकारचे असतात. बाहेरनं ओरखडा पडून तिथनं गंज पसरलेला असंल तर फोडाच्या मधोमध ओरखडा दिसतोय. ओरखडा कुठंच नाही आणि रंग सलग असूनही खालनं फुगलाय, तर आतनं गंज भिंत खाऊन बाहेर आल्याची शक्यता मोठी. अशी एक जागा जरी सापडली तरी पुढं सगळं खोलायचंच.

मग ती बारीक भोकं बघा. तिथनं तपकिरी ओघळ सुकलेले असतील तर आत पाणी साठत होतं हे नक्की. जोडांच्या कडेनं, म्हंजे जिथं पाइप लगमधे (जोडावरची लोखंडी बाही) घुसतो तिथं, गोल तपकिरी रेघ दिसते का तेही बघा.

विकत घेत असाल आणि रंग नवा असंल तर चुंबक फिरवा. ही युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गंजलेला खड्डा सँडब्लास्ट करून त्याच्यात पुट्टी भरतात आणि वरनं नवा रंग मारतात, हाताला काही कळत नाही. पण पुट्टीच्या जागी चुंबकाची पकड एकदम ढिली पडते. चुंबक पाइपावरनं हळू सरकवत न्या, बीबीच्या आजूबाजूला सगळ्या बाजूंनी. पकड ढिली झाली की तिथं थांबून विचारायचं, इथं काय भरलंय.

आणि मग सायकलच्या मालकाला सरळ सांगायचं, "मामा, सीट जरा काढून बघू काय ओ?" ज्याच्या मनात काही नाही तो लगेच पाना आणून देतो.

सीटचा रॉड

सीटचा बोल्ट ढिला करून रॉड वर उपसा. जाम असंल तर स्प्रे किंवा डिझेल चिरेतनं सोडून रात्रभर ठेवा, सकाळी सीट दोन्ही हातानं धरून डावी-उजवी फिरवत वर ओढा. पाइप रेंच फ्रेमच्या पाइपाला कधीच लावू नका, लावायचा तर रॉडला. तापवू नका, आत डिझेल असतंय.

निघालेला रॉड बघा, तो आतलं सगळं सांगतो. खालच्या टोकाला ग्रीस आहे आणि लोखंड काळसर कोरडं आहे, तर फ्रेम बहुतेक ठीक. रॉडवर पाण्याची रेघ उमटलेली असंल, तिच्या खाली खडबडीत खड्डे आणि वर साफ, तर पाणी त्या उंचीपर्यंत चढून उभं होतं, आणि तेच पाणी फ्रेमच्या भिंतीला पण लागलेलं होतं. ही खूण दिसली की मी बीबी खोलल्याशिवाय सोडत नाही.

आता बॅटरीचा उजेड वरनं पाइपात टाका आणि तिरका करून बघा. सरळ उजेडात सगळं सपाट दिसतंय, तिरक्या उजेडात खड्ड्यांच्या सावल्या पडतात. मग सायकल उलटी करून सीटच्या पाइपाचं तोंड वर्तमानपत्रावर धरा आणि बीबीजवळ लाकडानं हलकं ठोका. काय पडतंय ते कागदावर ठेवून चुंबकानं वेगळं करा, बरेचदा निम्मी माती आणि सुकलेलं ग्रीसच असतंय.

बीबी खोलायचं

इथं खरी तपासणी आहे. पहिल्यांदा करत असाल तर ओव्हरऑयलिंग करणाऱ्या गावातल्या मेकॅनिककडं बसून त्याच्या हातानं खोलून घ्या, खोलल्यावर आत मला बघायचंय एवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पुसून ग्रीस भरून मोकळा होतो.

स्वतः करणार असाल तर असं. कॉटर पिन म्हंजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला आवळणारी पाचर, तिचा नट सैल करा पण पूर्ण काढू नका, पिनच्या आट्यांच्या टोकाला बरोबर लेव्हल येईपर्यंतच आणा, म्हंजे हातोडीनं आटे मोडत नाहीत. क्रँकच्या खाली ती जाड नळी जमिनीपासून उभी टेकवा, पिन नळीच्या तोंडात पडंल अशी, आणि मग एकच जोरदार घाव. नळी न लावता ठोकलं तर सगळा मार छऱ्यांवर आणि कपावर (छर्रे फिरतात ती वाटी) जातो आणि तिथं खड्डे पडतात. क्रँक निघाल्या की डाव्या बाजूची लॉकरिंग आणि मग डावा कप नेहमीसारखा उलटा फिरवून काढा. छर्रे सुटे असतील तर खाली ताट ठेवा, बहुतेक काळ्या सायकलींना १/४ इंचाचे प्रत्येक बाजूला ११ असतात. उजवा, चेनच्या बाजूचा कप जागेवर राहिला तरी बघायला चालतंय. काढायचाच असंल तर ध्यानात ठेवा, त्याचे आटे उलटे, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यानं लय कप आणि लय बोटं फुटलीत.

एक्सल निघाली की शेलच्या तळात काय आहे ते आधी फोटो काढून ठेवा. मग बोटानं, हातमोजा घालून, सगळं बाहेर काढा. काळं चिकट ग्रीस निघालं तर आनंद माना, ग्रीसखाली लोखंड बहुतेक शाबूत असतंय. ओली तांबडी राड निघाली तर राड धुऊन, डिझेलनं पुसून, तळावर आरी टोचून बघा. अंगठ्याचं वजन देऊन टोचायचं, हातोडीनं नाही. चांगल्या लोखंडावर आरी घसरते, ओरखडा उठतो बस. आरी रुतली, किंवा कुरकुर आवाज होऊन थर खाली दबला, तर तिथं लोखंड नाही, गंजच भिंतीचं सोंग घेऊन उभा हाय.

शेलमधनं चारी पाइपांची तोंडं दिसतात. काही फ्रेमना ती पूर्ण उघडी असतात, काहींना नुस्तं भोक. सीटच्या पाइपात वरनं उजेड सोडून खालनं आरशात बघा. कॅमेरा असंल तर एकेक पाइपात हळूहळू सरकवा आणि व्हिडिओ चालू ठेवा, कारण बघताना सगळं सारखंच तपकिरी दिसतं, नंतर शांतपणे थांबवून बघितलं की फरक कळतो. सगळीकडं सारखा पिवळट-तांबडा थर, म्हंजे ठीक. कडा असलेल्या, भिंतीपासून सुटलेल्या खपल्या, म्हंजे काळजी. थराच्या मधेच गोल काळे ठिपके, तर ते खड्डे, त्यांची जागा शेलपासून किती इंचावर आहे ते कॅमेऱ्याच्या वायरवर पेननं खूण करून मोजा आणि बाहेरनं पाइपावर खडूनं तिथं गोल करा.

खपल्या खऱ्या किती जाड हे बघायला तो चेनचा तुकडा दोरीला बांधून सीटच्या पाइपात वरनं सोडा आणि फ्रेम हलवून खळखळवा. सुटायच्या बेतातलं सगळं पडतं. परत कॅमेरा घाला. आता खाली चकचकीत करडं लोखंड दिसलं तर बरं, अजून थरच दिसत असतील तर बरं नाही.

ठोकून ऐकणं

नाण्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पाइपावर टकटक करत जायचं. चांगला पाइप स्वच्छ वाजतो, आतनं सडलेला दबका. पण एकट्या आवाजावर निकाल देऊ नका. जोडाजवळ पाइपावर लगची दुसरी जाडी असते म्हणून तिथं आवाज बदलतोच, आणि कॅरिअर-मडगार्ड लावलेले असले तरी दबका येतो. उपयोग करायचा तो तुलनेला: मागचा डावा आडवा पाइप आणि उजवा, त्याच जागी, एकामागनं एक ठोका. दोघांत फरक पडला तर जो दबका वाजतो त्याच्यावर आरी लावा.

मोजणं

शंका राहिली तर मोजून घ्या. आपल्याकडं एक मोठी सोय अशी की उद्यमबागेत फौंड्री आणि मशीनशॉप पसरलेत, अशा कामात भिंतीची जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक मीटर वापरतात, ओळखीनं विचारलं तर कुणीतरी दाखवून देतं. मोजताना तीन गोष्टी सांभाळा. रंग खरवडून मोजा, नाहीतर रंगाची जाडी पण त्यात धरली जाते. मीटर स्टीलवर, म्हंजे सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर ह्या वेगावर लावलेलं असू द्या. आणि आधी विचारा की ते किती बारीक मोजतं, साधी बरीच मीटरं १ मिमीच्या खाली नीट दाखवत नाहीत, तिथं बारीक प्रोब लागतो. एकाच आकड्याला अर्थ नाही, त्याच पाइपावर वर, साफ जागी मोजा, मग खडूच्या गोलात मोजा. वर १.२ आणि खाली १.०, तर मी निवांत चालवीन. वर १.२ आणि खाली ०.७, तर त्या फ्रेमवर कॅरिअरला ओझं नाही आणि दोन माणसं तर नाहीच, आणि गोलातला आकडा जागोजागी उड्या मारत असंल तर खड्डे आहेत, सरळ नाही म्हणायचं.

भोक आहे का नाही एवढंच कळायचं असंल तर फॅब्रिकेशनवाल्यांची जुनी रीत आहे. शंकेच्या जागचा रंग पूर्ण काढा, बाहेरनं खडूची पूड स्पिरिटमधे कालवून पातळ लेप द्या, वाळू द्या, आणि आतनं डिझेल सोडून तासभर तसंच ठेवा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पांढऱ्या लेपावर काळा ओला ठिपका उठतो. हे उघड्यावर करा, जवळ बिडी-काडी नको.

चिमटा वेगळा काढून बघायचाच

बाकी तपासणी एक दिवस पुढं ढकलली तरी चालंल, ही नाही. सीटचा पाइप सडला तर फ्रेम आधी कुरकुरते, लचकते, सांगून मोडते. चिमट्याचा दांडा मोडला तर हँडल हातात येतं आणि माणूस तोंडावर पडतो, घाटात असंल तर विचारच नको.

हँडलचा मधला बोल्ट चार-पाच आटे सैल करा, त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून हातोडी मारा, आतली पाचर खाली सुटते, मग हँडल वर निघतं. रॉड ब्रेक असंल तर रॉड आधी सोडवा. वरचा नट आणि कोन (छऱ्यांवर बसणारी आट्यांची कडी) काढून चिमटा खाली ओढून घ्या, छऱ्यांसाठी परत ताट.

दांडा बाहेरनं २५.४ मिमी आणि वरच्या भागात आतनं २२.२ मिमी असतो, म्हंजे भिंत १.६ मिमी, पण वरच्या आट्यांच्या खाचांत तीच १ मिमीच्या आसपास उरते. त्यामुळं तिथला गंज खालच्यापेक्षा जास्त महागात पडतो. आटे ब्रशनं साफ करून भिंग लावून बघा, खाचेत आडवी काळी रेघ दिसली तर ती नुस्ता गंज नसंल, चीर असंल. नंतर हँडलच्या नळीची पाचर कुठं बसत होती ते बघा, ती आट्यांच्या खाली बसायला पाहिजे. खालनं मडगार्डच्या बोल्टाच्या भोकाभोवती आणि दांडा जिथं चिमट्याच्या डोक्यात शिरतो तिथं उजेड टाका, आरी लावा. शंका आली, नुस्ती शंका, तरी चिमटा बदला. नवा चिमटा बाजारात मिळतो, फ्रेमसारखं नाही.

मग निर्णय

पीठासारखा गंज, आरी रुतत नाही, चुंबक सगळीकडं घट्ट: चालवा, फक्त आतनं उपचार करा. खड्डे आहेत पण बीबी शेलच्या तळातच, तर शेल जाड असतंय, गावातल्या गावात चालवायला ठेवता येते, दरवर्षी बघायची. सीटच्या पाइपात किंवा मागच्या आडव्या पाइपात आरी रुतली, किंवा पुढच्या तिरक्या पाइपात हँडलच्या जोडाजवळ काहीही सापडलं, तर ती फ्रेम भिंतीला लावून ठेवा. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. भोक बुजतं, पण त्याच्या शेजारचं लोखंड पण तेवढंच पातळ झालेलं असतंय, वेल्डिंगच्या कडेला परत चिरतं.

उपचार फार अवघड नाही. सुट्या खपल्या काढा, आत डिझेल फिरवून धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटी ठेवा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, म्हंजे संडास-फरशीचं, आत ओतू नका, जोडांच्या फटीत राहिलेलं क्लोराइड पुढं वर्षभर गंजवत राहतं. पूर्ण वाळल्यावर पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल जवसाचं तेल आत ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि आठवडाभर वाळू द्या, आत चिवट पापुद्रा धरतो. ते तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बीबी शेलच्या तळात, मधोमध, ४-५ मिमीचं एक भोक पाडून घ्या, पाणी साठायचंच थांबतं. भोक शेललाच पाडायचं, पाइपाला नाही, आणि काठाला रंग लावायचा.

परत तपासायला दिवस शोधायला नको, खंडेनवमी ठेवा. पावसाळा संपत आलेला असतोय आणि त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या पाइप लावून धुतल्या जातात, म्हंजे नेमकं चिरेतनं पाणी जायचा दिवस. सायकल धुवायच्या आधी सीटच्या तोंडाला प्लास्टिक बांधा. धुऊन झाली की रॉड उपसा, सायकल उलटी करून पाणी निथळू द्या, रॉडवर नवी रेघ उठली आहे का बघा, बीबीच्या भोकात काडी घालून माती मोकळी करा. रॉडला ग्रीस लावून परत बसवा, चिरेवर जुन्या ट्यूबची रुंद रिंग चढवा, आणि मग हार घाला.